अ‍ॅडलिन ट्रेंबाथचा नियम

अ‍ॅडलिन ट्रेंबाथने आयुष्यात एक नियम केला आणि तो एकदाच मोडला. ऑर्विल पास्को जीव द्यायला निघालाय असं तिला वाटलं, म्हणून मोडला. त्या संध्याकाळी तो खरंच निघाला होता की नाही, हे गावात आजही दोन तऱ्हांनी सांगतात. मी त्या खोलीत होतो. मलाही ठाऊक नाही.

आमचं पेनहेल गाव तांब्याच्या खाणींवर उभं राहिलं. तांबं संपलं, कंपनी निघून गेली, खाली बोगदे राहिले. त्यांत आता पाणी भरलंय. बर्फ वितळायच्या दिवसांत कधी कुणाच्या परसातली जमीन बसते, सफरचंदाचं झाड उभंच्या उभं खाली जातं आणि सकाळी तिथे काळं पाणी दिसतं. लोक भोवती खांब रोवतात, तार ओढतात आणि कामाला लागतात. पायाखाली पोकळ आहे हे आम्ही पोरवयातच शिकतो. समोर सुपिरिअर सरोवर, खाली हे पाणी. मधल्या पातळ थरावर आम्ही बटाटे लावतो आणि रविवारी सेंट पिरनच्या चर्चमध्ये जातो.

अ‍ॅडलिनचा बाप त्याच बोगद्यांत खडकाच्या वॅगन ढकलायचा. म्हातारपणी तो खिडकीशी बसून खोकायचा. भिंतीपलीकडे झोपणाऱ्या अ‍ॅडलिनला त्या खोकल्यावरून कळायचं, आज तो रागावलाय की घाबरलाय. शाळा सुटली तशी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. सगळ्या गावाचे आवाज तिच्या कानातून जायचे. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा मुलगा तुरुंगात आहे, कोण कुणाला रडत विनवतंय. वायर जोडायची आणि कान काढून घ्यायचा, असा तिथला शिरस्ता होता. तिने तो पाळला असावा, कारण तिच्या तोंडून कधी काही बाहेर पडलं नाही. तरी रस्त्यात ती समोर आली की माणसं जराशी आक्रसायची. उंच बाई, मोठे हात, पुरुषी बूट. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “एकाच वेळी सगळ्यांशी जोडलेली होते, एकाशी जोडायला वेळ कुठे मिळाला?”

पुढे फोन आपोआप लागायला लागले. एक्स्चेंज बंद झालं आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. आणि चर्चखालच्या हॉलमधली बुधवारची बैठक तिच्या हातात आली.

ही बैठक मोठ्या माणसांसाठी. पोरांना रविवारी शिकवतात, आम्हाला बुधवारी. संध्याकाळी सूप आणि पाव, मग फादरांचा पाठ, मग कुणीतरी एक आपली जीवनकथा सांगणार. देव आपल्या आयुष्यात कुठे भेटला, कुठे चुकला, काय हातून झालं, काय राहिलं. वर्षभरात प्रत्येकाची पाळी यायची. फादर यायचे, बदलून जायचे, अ‍ॅडलिन राहायची.

नियम झाला तो लोर्ना किट्टोमुळे. तरुण बाई होती, नवऱ्याबरोबर नवीनच आलेली. तिच्या पाळीला ती म्हणाली की तिचं तान्हं मूल गेलं आणि तिला रडूच आलं नाही, आजवर आलेलं नाही. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हेस्टर रोझेव्हेर म्हणाली, “अगं, लगेच दुसरं होऊ द्यावं.” मग कुणी औषध सुचवलं, कुणी प्रार्थना, कुणी आपल्या चुलतबहिणीचं सांगितलं. सगळे मायेने बोलत होते. लोर्ना मान डोलवत राहिली. पुढच्या बुधवारी ती आली नाही. उन्हाळ्यात तिच्या घराला कुलूप लागलं. त्यानंतर तिचं काय झालं, कुणालाच कळलं नाही.

पुढच्या बैठकीत सूप वाढायच्या आधी अ‍ॅडलिन उभी राहिली. “आजपासून इथे नियम आहे. जो सांगतो, तो सांगतो. बाकीच्यांनी ऐकायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, ‘मलाही असंच झालं होतं’ नाही. इथे नाही, बाहेर नाही, कधीच नाही. सांगणाऱ्याने उठायचं, कोट घालायचा आणि एकट्याने आधी निघायचं. त्याच्या गाडीचा आवाज विरेपर्यंत आपण जागेवर बसून राहायचं.”

“आणि खोकला आला तर?” हेस्टरने विचारलं.

“गिळ.”

तो नियम वीस वर्षं चालला. आणि खरं सांगायचं तर त्याने आमचं भलं केलं. त्या खोलीत माणसं जे बोलली ते दुसरीकडे कुठे बोलली नसती. बोलून झालं की वर जिन्यावर पावलं, मग दार, मग गाडी, मग काही नाही. आम्ही त्या ‘काही नाही’मध्ये बसलेले असायचो. मला ते आवडायचं. थोडी भीतीही वाटायची, कारण ते बोगद्यासारखं होतं. त्यात टाकलेली वस्तू तळाला लागल्याचा आवाज कधीच यायचा नाही.

ऑर्विल पास्को बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको नेटी जाऊन तीन हिवाळे झाले होते. सरोवराचा गावाकडे आत शिरलेला उपसागर गोठला की बर्फावर माशांसाठी लाकडी झोपड्या उभ्या राहतात. ऑर्विलची झोपडी सगळ्यात लांब, जिथे पाणी खोल आहे तिथे. आत लोखंडी शेगडी, एक बाक, जमिनीला म्हणजे बर्फाला भोक. नेटी गेल्यावर तो तिथेच बसायचा, त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन. कुत्र्याचं नाव बिशप, फादरांच्याही वरच्या धर्मगुरूचं.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी आम्ही कपाळावर राख लावून घेतली. माणूस मातीचा आहे, मातीत जायचा आहे, हे फादर लाइल प्रत्येकाच्या कपाळावर बोट ठेवून सांगतात. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. ज्याने त्याने आपल्याला आवडणारं काहीतरी सोडायचं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर कॉफी पिताना याचीच चौकशी चालते. हेस्टर दरवर्षी गोड सोडते आणि दरवर्षी तिचं वजन वाढतं.

“ऑर्विल, तू काय सोडलंस यंदा?” तिने विचारलं.

“बिशपला सोडलं.”

“म्हणजे?”

“तोइवोला दिला.”

तोइवो त्याचा शेजारी, फिनिश, लुथरन पंथाचा, म्हणजे आमच्या चर्चचा नाही. हेस्टरने हातातला कप खाली ठेवला. “म्हणजे आपला बिशप लुथरन झाला! अहो फादर, ऐकलंत का? वर कळवा.”

हॉल हसला. फादर लाइल हसले. ऑर्विलही हसला, आणि हसताना त्याने खिडकीकडे बघितलं.

अ‍ॅडलिन कॉफीची किटली घेऊन उभी होती. “जेवतो का तिकडे?”

“दोन दिवस माझ्याच दारात येऊन बसला. मग जेवला.”

“आणि तू?”

ऑर्विलला कुणीतरी हाक मारली असावी तसा तो वळला आणि गर्दीत गेला. हाक कुणी मारली नव्हती.

दोन रविवार गेले आणि तो एक मोठं खोकं घेऊन आला. नेटीच्या मयताच्या वेळी बायकांनी त्याच्या घरी जेवण पोचवलं होतं, त्यांची भांडी तीन वर्षं त्याच्याकडेच पडून होती. प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव. त्याने ती घासून, पुसून, टेबलावर ओळीने मांडली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन सफरचंदं, मूठभर घेवडा, निदान पावाचा तुकडा तरी आत ठेवतात. ही सगळी रिकामी होती.

“आलं बाई माझं भांडं!” हेस्टर म्हणाली. “मी तर त्याचं सुतक पाळून मोकळी झाले होते. उपवासकाळ पावला म्हणायचा.”

त्या दिवशीच्या प्रवचनात फादर लाइल ओझं उतरवण्याविषयी बोलले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना ऑर्विलकडे वळल्या, कौतुकाने.

चूक इथे झाली आणि ती फक्त आमच्याच हातून होऊ शकत होती. दुसऱ्या कुठल्या वस्तीत एकट्या माणसाने कुत्रा देऊन टाकला असता, भांडी परत केली असती, तर शेजारी संध्याकाळी त्याच्या दारात येऊन बसले असते. पण सोडणं, परत करणं, क्षमा मागणं, आपण माती आहोत हे मनात धरणं, ही तर आमची उपवासकाळाची भाषा. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना तीच शिकवत होतो. ऑर्विल ती शेवटी शिकला, असं आम्हाला वाटलं.

त्याची पाळी आली तेव्हा मार्च सरत आला होता. बर्फ राखाडी झाला होता, काठाने पाण्याची काळी रेघ दिसायला लागली होती. बाकीच्यांनी आपापल्या झोपड्या ओढून आणल्या होत्या. एक ऑर्विलचीच लांबवर उभी होती. “दरवर्षीच उशीर करतो,” लोक म्हणाले.

वाटाण्याचं सूप होतं. ऑर्विलने वाडगा पुरा संपवला आणि उठून स्वतः धुऊन ठेवला. हॉलच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या आहेत, बाहेरचा वितळता बर्फ आतून खांद्याच्या उंचीवर दिसतो. त्याच्यावर अजून उजेड होता. फादरांचा पाठ आटोपला. ऑर्विलने टोपी मांडीवर घेतली आणि सुरुवात केली.

तो चांगला बोलला. इतकी वर्षं ओळखून मला ठाऊक नव्हतं की तो असं बोलू शकतो. बापाच्या हाताखाली केलेली पहिली इंजिनदुरुस्ती, धाकट्या भावाशी घरावरून झालेलं भांडण, नेटीशी बोलणं बंद करून काढलेला एक आख्खा हिवाळा, आणि तिचं शेवटचं दुखणं, ज्यात त्याने तिचे केस विंचरायला शिकून घेतलं.

“भावाशी मागल्या आठवड्यात फोनवर बोललो,” तो शेवटी म्हणाला. “त्यालाही बरं वाटलं. आता माझ्याकडे कुणाचं काही राहिलेलं नाही आणि कुणाकडे माझं काही राहिलेलं नाही. सगळं आवरलंय. नेटी गेल्यापासून एवढं शांत कधी वाटलं नव्हतं. तुम्ही ऐकलंत, उपकार झाले.”

हेस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं. फादर लाइल यांनी डोळे मिटले होते. पुढे त्यांनी मला सांगितलं, की उपवासकाळात इतकी मन भरून आणणारी कथा आपण कधी ऐकली नाही असंच तेव्हा त्यांच्या मनात आलं. मला मात्र काहीतरी खुपत होतं आणि ते काय ते कळत नव्हतं. आता कळतं. जिवंत माणसाची कथा कुठेतरी अर्धवट तुटते, ‘आता बघू पुढे’ म्हणून तो थांबतो. ऑर्विलच्या कथेला गाठ मारलेली होती.

तो उठला. कोट घातला. नियमाप्रमाणे आम्ही सगळे टेबलाकडे बघत होतो. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वीस वर्षांत त्या शांततेत खुर्ची सरकली नव्हती.

अ‍ॅडलिन त्याच्या आधी दारात पोचली होती.

“ऑर्विल, घरी चाललायस की बर्फावर?”

“अ‍ॅडी!” हेस्टर ओरडली. “अगं, नियम!”

“नियम माझा आहे, मला शिकवू नकोस. ऑर्विल, तू जीव द्यायला निघालायस का?”

ऑर्विल पांढरा पडला आणि मग लाल झाला. “बाजूला हो.”

“उत्तर दे, होते.”

“वीस वर्षं सगळ्यांची तोंडं शिवलीस, आणि आज माझ्याच पाळीला तुला कंठ फुटला?”

“फुटला.”

“झोपडी ओढायला चाललोय मी. सगळ्यांच्या आल्या, माझी राहिलीय. तासभर उजेड आहे अजून. झालं समाधान?”

अ‍ॅडलिन दारातून बाजूला झाली. “मग मीही येते. दोर धरायला माणूस लागेल.”

आणि ती तशीच, कोट न घेता, जिना चढून गेली. आम्ही धडपडत वर आलो तेव्हा ती ऑर्विलच्या पिकअपमध्ये जाऊन बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. वारा सरोवरावरून येत होता. त्याला ओल्या लोखंडाचा वास होता.

ऑर्विलने गाडीचं दार उघडलं. “उतर.”

“चल की. झोपडी ओढायचीय ना?”

“अ‍ॅडी, थट्टा पुरे. उतर खाली.”

“मी थट्टा करत नाहीये. तू जातोयस ना? मग मलाही ने. तुला पेलतो तो बर्फ मलाही पेलेल.”

“अगं बाई, तो बर्फ सडलाय!” ऑर्विल गरजला. “खालून खाल्लाय पाण्याने! आता माणूस पेलायचा नाही तो. जाशील तळाला!”

त्याचं बोलणं आम्ही आधी ऐकलं आणि त्याने नंतर. तो तसाच, दार धरून, उभा राहिला.

“मग तू कसा जाणार होतास?” अ‍ॅडलिनने विचारलं. अगदी हळू.

तो गाडीच्या पायरीवर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली. लांब सरोवरात काहीतरी तडकलं आणि तो आवाज काठाकाठाने गावापर्यंत आला. फादर लाइल यांनी हात पुढे केला. बऱ्याच वेळाने ऑर्विलने त्यात गाडीची किल्ली ठेवली.

तो त्या रात्री फादरांकडे राहिला. पुढे त्यांनी त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. आठवड्यात वारा फिरला, बर्फ सुटला आणि ऑर्विलची झोपडी त्याच्याबरोबर निघाली. सगळ्या गावाने ती बघितली. उभीच्या उभी, उघडझाप करणारं दार घेऊन, ती उत्तरेला जात होती. मग एकदाची वाकली आणि दिसेनाशी झाली.

कुणालाही वाटेल की ऑर्विलने अ‍ॅडलिनचे आभार मानले असतील. ईस्टर होईतो त्याने तोइवोला सांगितलं होतं, की तो फक्त काठावर उभं राहून झोपडीकडे बघणार होता, बाकी ते सगळं त्या बाईच्या डोक्यातलं. तोइवोने गावाला सांगितलं. हेस्टर ऑर्विलच्या बाजूने उभी राहिली. “भर हॉलमध्ये त्याला उघडा केला तिने,” ती म्हणायची. “आपण आपलं काळीज काढून ठेवायचं आणि हिने त्यात बोट घालायचं. मग लोर्नाच्या वेळी मी काय वाईट केलं होतं?” 

रविवारी उपासनेत आम्ही एकमेकांचे हात हातात घेऊन शांती असो म्हणतो. ऑर्विल रांगेने यायचा आणि अ‍ॅडलिनपाशी पोचला की हात खिशात घालायचा. ती आपला हात पुढे करून ठेवायची, तो पुढे जाईपर्यंत. मग खाली घ्यायची.

बुधवारची बैठक त्या उन्हाळ्यापर्यंत कशीबशी चालली. कथा सांगितल्या गेल्या, पण त्या वर्षी उरलेल्यांपैकी कुणाच्याच आयुष्यात काही बिघडलेलं नव्हतं. देव सगळ्यांना वेळेवर भेटला होता. बोलताना प्रत्येकाची नजर अ‍ॅडलिनच्या खुर्चीकडे जायची, ती सरकते की काय म्हणून. शेवटी सूप राहायचं आणि माणसं नसायची. फादर लाइल यांनी बैठक बंद केली तेव्हा अ‍ॅडलिनने मोठं पातेलं घासून उपडं घातलं, इतकंच.

एकदा मी तिला विचारलं, पस्तावा होतो का.

“कशाचा?” ती म्हणाली. “तोइवोच्या ओट्यावर बसून तो रोज मला शिव्या देतो म्हणे. शिव्या द्यायला माणूस जिवंत लागतो, आयव्हर.”

“आणि समज, खरंच नुसता बघायला चालला होता?”

ती म्हणाली, “तर मग मी एका चांगल्या माणसाला गावासमोर वेडा ठरवला, आणि तुमची सगळ्यांची बोलायची एक जागा होती ती मोडली. दोन्हींतलं काय झालं, ते मला कळणार नाहीये. तेवढं घेऊन झोपायचं.”

तिचं घर चढावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा उपसागर दिसायचा. ऑर्विलने नवीन झोपडी बांधली होती आणि दर हिवाळ्यात ती पहिल्यासारखीच लांब, खोल पाण्यावर नेऊन ठेवायचा. दुपार कलली की अ‍ॅडलिन खिडकीशी उभी राहायची. झोपडीच्या नळकांड्यातून धूर दिसला की स्वतःचं जेवण वाढून घ्यायची. दिसला नाही तर उभीच. कितीतरी हिवाळे हे चाललं. ऑर्विलला ते ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. ती खिडकी बर्फावरूनही दिसते.

ती नोव्हेंबरात गेली, उपसागर गोठायच्या आधी. हृदय थकलं होतं. मला ती काही सांगून गेली नाही, कुणावर काही सोपवलं नाही. मयताला ऑर्विल आला. चर्चमध्ये आला नाही, बाहेर भिंतीशी उभा राहिला. लोक हॉलमध्ये जेवायला गेले आणि तो कबरीपाशी एकटा राहिला. मी खिडकीतून बघत होतो. त्याचे ओठ हलत होते, बराच वेळ. मग त्याने फावडं घेतलं आणि खोदणाऱ्यांच्या हातचं काम घेऊन स्वतः माती लोटायला लागला.

त्या हिवाळ्यात माझी नजर आपोआप त्या बाजूला जायला लागली. दुपारी दुकानात जाताना, परत येताना. धूर असायचा. मार्च आला, बर्फ मळकट झाला, झोपड्या एकेक करून काठावर आल्या. लांबवरची तेवढी राहिली. एके दिवशी धूर नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता, आणि ऑर्विलची गाडी मात्र काठावर उभी होती.

हेस्टर रस्त्यात भेटली. मी तिला सांगितलं.

“त्याच्या वाटेला जाऊ नकोस,” ती म्हणाली. “म्हातारा माणूस आहे, राहू दे त्याला आपला. एकदा गावासमोर त्याचं जे व्हायचं ते झालंय.” मी चालायला लागलो. मागून तिची हाक आली. “अरे थांब! डोक्यावर काही नाही तुझ्या.” तिने आपली लोकरी टोपी काढून माझ्या हातात कोंबली. “आणि काठाकाठाने जा, नदी येऊन मिळते त्या बाजूने जाऊ नकोस. ऐकतोयस ना?”

बर्फावर पाण्याचा थर होता, त्यात आभाळ पडलेलं. पाऊल टाकलं की खालून मंद, ओला आवाज यायचा. दोन ठिकाणी भेगा लागल्या, त्या मी लांब टांग टाकून ओलांडल्या. झोपडी जवळ यायला फार वेळ लागला. दार लोटलेलं होतं. मी ठोठावलं.

आत ऑर्विल बाकावर बसला होता, कोट घालून. शेगडी थंड. भोकात गळाची दोरी सोडलेली नव्हती. नुसतं भोक होतं आणि त्यात काळं पाणी हळूहळू वर-खाली होत होतं.

“तिने पाठवलं?” तो म्हणाला.

“ती गेली, ऑर्विल.”

“ठाऊक आहे. मीच माती लोटली. म्हणून तर विचारतोय.”

मी दारात उभा होतो. वीस वर्षं मला कुणाला काही न विचारायची सवय लावलेली होती, आणि ती चांगली सवय होती. मी विचारलं. तिने विचारलं होतं तेच, आडपडदा न ठेवता.

ऑर्विलची नजर पाण्यावरच होती.

“हो,” तो म्हणाला. “कालपासून.”

मग त्याने मान वर केली, माझे गुडघ्यापर्यंत भिजलेले पाय बघितले, आणि त्याचा चेहरा बदलला. “तू आलास कुठून?”

“सरळ काठावरून.”

“त्या भेगांवरून?” तो उठून उभा राहिला. “मूर्खा! गाढवा! तो सगळा पट्टा सुटायला आलाय. इथवर आलास कसा? परत कसा जाणार आहेस?”

“ते मला ठाऊक नाही.”

त्याने भिंतीला टेकवलेला लोखंडी दांडा उचलला, बर्फ चाचपायचा. मला ढकलून बाहेर आला. दक्षिणेकडे बराच वेळ बघितलं.

“माझ्या पावलावर पाऊल ठेवायचं,” तो म्हणाला. “पण चिकटून यायचं नाही, अंतर ठेव. मी थांबलो की थांब. मी खाली गेलो तर माझ्याकडे धावत यायचं नाही, आडवा पडून मागे सरपटायचं. कळलं? बोल, कळलं?”

“कळलं.”

तो पुढे निघाला. दर पावलाला दांडा खाली आपटायचा, आवाज ऐकायचा, मग पाऊल टाकायचा. मला शिव्या देत होता, अ‍ॅडलिनला देत होता, मार्च महिन्याला देत होता. काठ अजून लांब होता. मध्येच दांड्याचा आवाज पोकळ आला. तो थांबला, मी थांबलो. पाणी त्याच्या बुटांभोवती चढत होतं.

“डावीकडे,” ऑर्विल म्हणाला, आणि डावीकडे वळला.